एका अक्षराचं अथेन्स

लंडनमधल्या हॅरोच्या त्या घरात मी माडीवरच्या खोलीत साडेतीन वर्षं भाड्याने राहिले आणि त्यातले पहिले आठ महिने मला रोमबद्दल चकार शब्द काढायची बंदी होती. बंदी घरमालकांनी, म्हणजे काकांनी घातलेली. मी मोठ्या हौसेने सांगायला गेले होते की रोम काही खास नाही, लोक तुसडे आणि पास्ता कच्चट. काकांनी पेपर मांडीवर ठेवला.

"किती दिवस होतीस?"

"दीड."

"बूट कुठले?"

"नवे घेतले होते."

"चावत होते?"

"थोडेसे."

"शेवटचं पोटभर कधी जेवली होतीस?"

मला आठवेना. विमानात एक सँडविच खाल्लं होतं, बहुतेक.

"म्हणजे उपाशीपोटी, पायाला फोड घेऊन, दीड दिवस. ही रोमची हकीकत नाही, तुझ्या टाचेची आहे. पुन्हा जाऊन ये, मग बोल."

मीही हट्टी. पुन्हा गेले, जुने बूट घालून चार दिवस राहिले, आणि मगच माझ्यावरची बंदी उठली. पास्ता दुसऱ्यांदाही कच्चटच लागला, पण लोक बरे निघाले.

ते दोघं नवरा-बायको मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. त्यांना मी काका म्हणायचे, पण त्यांच्या बायकोला आंटी, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "काकू नको गं म्हणूस, एकदम सत्तरीचं वाटतं." तेव्हा त्या बहात्तरच्या होत्या. घरात शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या, शनिवारी फोन बंद, आणि नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण असं व्हायचं की मी वॉटफर्डच्या ऑफिसातून मेट्रोपोलिटन लाइनने येताना स्टेशनपासूनच भरभर चालायला लागायचे. त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि धडधाकट होती. माझ्या वाक्यात तीनच्या वर इंग्रजी शब्द आले की काका बोटं मोजायचे.

काका निवृत्त दुभाषी. कोर्टात, हॉस्पिटलात, कौन्सिलमध्ये जिथे कुणाला इंग्रजी येत नसेल तिथे मराठी, हिंदी आणि गुजराती माणसांसाठी ते चाळीस वर्षं उभे राहिले. त्या धंद्याचा एक नियम आहे: समोरचा "मी" म्हणाला की दुभाष्यानेही "मी"च म्हणायचं. "हे म्हणतायत की त्यांचं पोट दुखतंय" असं नाही, "माझं पोट दुखतंय." त्यामुळे काकांनी आयुष्यात शेकडो गुन्हे कबूल केले होते, दोन-तीनदा त्यांना कावीळ झाली होती आणि एकदा ते बाळंतही झाले होते. हे ते अजिबात न हसता सांगायचे. "बोलणाऱ्याचा शब्द मी बदलत नाही," हे त्यांचं ब्रीद. शब्द कडू असला तरी साखर लावायची नाही.

याचा त्रास घरच्यांना व्हायचा. आंटींना इंग्रजी चांगलं यायचं, पण राग मराठीतच यायचा. एकदा बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने अख्खं किचन काळं करून ठेवलं. आंटी कडाडल्या, "ह्याला म्हणावं, तुझ्या आजोबांनी तरी कधी पाना हातात धरला होता का?" काका एक पाऊल पुढे झाले, हात पाठीमागे घेतले आणि शब्दन् शब्द इंग्रजीत करून दिला, आजोबांसकट. त्या माणसाने पिशवी उचलली आणि तो चालता झाला. जानेवारीत तीन दिवस घरात गरम पाणी नव्हतं. मी चिडून म्हटलं, "काका, आजोबा गाळता आले असते की हो." ते म्हणाले, "आजोबा तिच्या वाक्यात होते."

दुसरी खोड अशी की चुकलेला शब्द ते मागे घ्यायचे, पण जिथे बोलले असतील तिथेच जाऊन. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईला त्यांनी एकदा सुनावलं की पाव शिळा आहे. आठवड्याने दातांच्या डॉक्टरने सांगितलं की कवळी सैल झालीये. काका तिथून थेट बेकरीत गेले, रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर पाच गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "बाई, पाव ताजा होता, दात शिळे होते." घरी आल्यावर मी म्हटलं, फोन केला असता तरी चाललं असतं. त्यावर उत्तर: "टाकलेला शब्द जिथे टाकला तिथूनच उचलायचा असतो. फोनवर उचलता येत नाही."

हॅरोच्या मराठी मंडळात दर हिवाळ्यात एक प्रवासाची संध्याकाळ असायची. हॉलमध्ये समोसे, चहा, आणि ज्याने त्याने आपापलं युरोप मांडायचं. कुणाला व्हिएन्ना स्वर्ग वाटलेलं, कुणाला तिथे बाकावर पाय ठेवला म्हणून म्हातारीने झापलेलं. ॲमस्टरडॅमच्या लोकांना कुणी मोकळे म्हणायचं, कुणी फटकळ. खाण्यावर तर मारामारीच. पोर्तुगालमधली मासळी एकाला आईच्या हातची वाटली, तर शेजारच्याला त्यात मीठसुद्धा सापडलं नव्हतं. काका पहिल्या रांगेत बसून सगळ्यांची उलटतपासणी घ्यायचे. एका वर्षी एका नवऱ्याने सांगितलं की पॅरिसचे लोक महाउद्धट, आणि त्याच्याच बायकोने सांगितलं की पॅरिसइतके प्रेमळ लोक जगात नाहीत. दोघं एकाच सहलीला, एकाच हॉटेलात. काकांनी पाच मिनिटांत छडा लावला. नवरा रस्ता विचारायचा इंग्रजीत. बायको विचारायची चक्क मराठीत, हातवारे करून, आणि लोक हसत हसत तिला दारापर्यंत सोडायला यायचे. हॉल लोटपोट हसला, नवरा सोडून.

इतका काटेकोर माणूस, पण एका शहरापुढे त्यांची सगळी शिस्त गळून पडायची. अथेन्स. ते नाव निघालं की काका एकच वाक्य बोलायचे, "तिथले लोक तोंडावर हसून खोटं बोलतात," आणि उलटतपासणी बंद. त्यांच्या शब्दाला मंडळात वजन होतं, त्यामुळे हॅरो-वॉटफर्डची मराठी माणसं सगळं युरोप फिरली, पण अथेन्सला फारसं कुणी गेलं नाही. आंटींचं मत निराळं. "खोटारडे नव्हेत गं. पण उद्धट. परक्या बाईला काय अरे-तुरे करायचं!" ग्रीक माणसाने त्यांना अरे-तुरे कसं केलं, हे काही मला उलगडत नव्हतं.

मग एकदा जेवताना दोघांनी मिळून सगळं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी मंडळाची सहल ग्रीसला गेली होती. अथेन्समध्ये दुपारी एका छोट्या खानावळीत जेवण होतं. मालक म्हातारा, हसतमुख, इंग्रजी जेमतेम. काका-आंटी त्यांच्या धर्माच्या नियमांमुळे बाहेर फक्त मासे खायचे, त्यांचा प्रश्न नव्हता. पण बरोबर वॉटफर्डच्या एका मित्राची आई होती, सगळे त्यांना आजी म्हणत. जन्मात कधी अंड्याला हात न लावलेली बाई. समोर भात भरलेले टोमॅटो आले. आजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी मालकाला टोमॅटो दाखवून विचारलं, ह्यात मीट आहे? मालक म्हणाला, "ने, ने."

"आता तूच सांग," काका मला म्हणाले, "नो, नॉन, नाइन. आपलं न, ना, नको, नाही. जगात कुठेही जा, 'न' आला की नकार. आदल्याच वर्षी आम्ही प्रागला होतो, तिथे तर नाहीला 'ने'च म्हणतात. मी आजींना सांगितलं, बिनधास्त खा."

"आणि मला वाटलं, तो म्हातारा मला सांगतोय, ने ही ताटली, ने," आंटी म्हणाल्या. "म्हणून मीच उचलून आजींपुढे नेऊन ठेवली. पण 'न्या' म्हणायला काय झालं होतं मेल्याला?"

तिसऱ्या घासाला आजींना भातात खिमा लागला. त्यांनी चमचा ठेवला, मोरीवर जाऊन कितीतरी वेळ चुळा भरल्या, आणि सहलीच्या उरलेल्या चार दिवसांत पाव आणि केळी सोडून कशाला शिवल्या नाहीत. त्यांची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून काकांनीही आवाज चढवला नाही. पण निघताना मालकाने अभिप्रायाची वही पुढे केली, तेव्हा त्यांनी तीन वाक्यं लिहिली, खास मराठीत, पुढे येणाऱ्या आपल्या माणसांना कळावं म्हणून. काकांचं अक्षर म्हणजे मोत्यांची माळ. म्हाताऱ्याने पानावरून बोट फिरवलं, छातीवर हात ठेवला आणि काकांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. "बघ, तेव्हासुद्धा हसत होता," काका म्हणाले.

ही गोष्ट ऐकल्याला वर्ष झालं असेल. ऑफिसात माझ्या शेजारी एक ग्रीक मुलगी नव्याने आली. दुपारी ती आईशी फोनवर बोलायची आणि सारखी "ने, ने, ने" करायची. एकदा मी थट्टेने म्हटलं, आईला किती वेळा नाही म्हणशील? ती म्हणाली, "नाही कुठे? मी हो म्हणतेय. ग्रीकमध्ये ने म्हणजे हो."

मला अजून पश्चात्ताप होतो की मी ते घरी गंमत म्हणून सांगितलं. कालवण वाढून घेता घेता, हसत हसत. काकांचा घास हातातच राहिला.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आंटीही हसायच्या थांबल्या. काकांनी घास ताटात ठेवला, उठून हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "चाळीस वर्षं," ते म्हणाले. "माणसं माझ्या शब्दावर तुरुंगात गेलीत, ऑपरेशन टेबलावर झोपलीत. आणि एक अक्षर." मग वळून म्हणाले, "तो खरं बोलला होता गं. मी विचारलं, त्याने खरं सांगितलं, आणि मी त्याला त्याच्याच घरात खोटारडा लिहून आलो."

दुसऱ्या दिवसापासून काकांची मोहीम सुरू झाली. आधी वॉटफर्डला मित्राकडे. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मित्र म्हणाला, "सोड रे, आई केव्हाच विसरली होती." काका म्हणाले, "त्या विसरल्या असतील, मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं ते तसंच आहे." तो बिचारा चहा करायला उठला. मग मंडळाच्या संध्याकाळी, समोसे निवत असताना, उभं राहून जाहीर केलं की अथेन्सबद्दल अठरा वर्षं आपण जे बोललो ते सगळं रद्द समजावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काका विनोद करतायत.

राहिलं अथेन्स. काका अठ्ठ्याहत्तरचे, कमरेचा सांधा बदललेला. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, नको म्हणून मान हलवली. मंडळातल्या एका डॉक्टरणीने समजावलं, "काका, ईमेल करा ना. फोटो पाठवा, फुलं पाठवा." काका म्हणाले, "वही तिथे आहे." आंटींचं ब्लड प्रेशर वर गेलेलं, त्यांना विमानाची मनाई. त्या मला म्हणाल्या, "तू जा गं यांच्याबरोबर. धड परत आले तर मलिदा करीन."

मला हसू फुटलं. आमच्याकडे मलिदा फक्त कॉन्ट्रॅक्टर आणि पुढारी खातात. आंटींनी डोळे वटारले. त्यांच्यात मलिदा म्हणजे गुळाचे भिजवलेले पोहे, खोबरं, फळं. नवस फेडायला करतात, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन. "हसतेस काय? लाच नाही देत आहे मी," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणजे तशी देतेच आहे म्हणा."

सहलीच्या अल्बममध्ये खानावळीसमोरचा फोटो होता. माझ्या ग्रीक मैत्रिणीने वरची पाटी वाचली आणि नकाशावर जागा दाखवली. खानावळ चालू होती. मार्चमध्ये आम्ही निघालो. काकांनी विमानात कोर्टाचा सूट घातला होता, आणि खिशात घरून लिहून आणलेला कागद.

खानावळीच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि मी थबकलेच. समोरच्या भिंतीवर, बरोब्बर डोळ्यांसमोर, सोनेरी चौकटीत काकांचं मोत्यांसारखं अक्षर. *मी येथे आलो. येथील माणसे तोंडावर हसून खोटे बोलतात. आपल्या माणसांनी येथे येऊ नये.*

पन्नाशीची एक बाई पुढे आली. म्हाताऱ्याची मुलगी. इंग्रजी छान बोलत होती. वडील चार वर्षांपूर्वी गेले, म्हणाली. आम्ही चौकटीकडे बघतोय हे पाहून तिचा चेहरा उजळला.

"तुम्हाला वाचता येतं? वडिलांचं फार आवडतं होतं हे. एका भारतीय प्रोफेसरने लिहून दिलं. वडिलांनी वहीतून पान काढलं आणि भारतीय पाहुण्यांचं स्वागत म्हणून मुद्दाम दारासमोर लावलं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पण एक कळत नाही. भारतीय लोक येतात, इथे थांबून वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि पुष्कळदा परत जातात. वडील म्हणायचे, काहीतरी धार्मिक असणार, वाचून त्यांना उपास आठवत असेल. काय लिहिलंय हो?"

मी काकांचं कोपर दाबलं. मराठीत पुटपुटले, "काका, जेवण छान होतं म्हणून सांगा. तुमच्या पाया पडते."

काकांनी माझा हात बाजूला केला. एक पाऊल पुढे झाले, हात पाठीमागे घेतले आणि चौकटीकडे बघत, त्या कोर्टातल्या आवाजात, तिन्ही वाक्यं इंग्रजीत करून दिली. "मी येथे आलो" पासून सुरुवात करून. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग म्हणाले, "हे मी लिहिलं आहे."

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, आणि ते जाताना बघणं मला अवघड झालं.

"का?" तिने विचारलं.

"मी विचारलं होतं, ह्यात मांस आहे का. ते म्हणाले, ने."

"मग ते खरं बोलले."

"हो. ते खरं बोलले. मी चुकीचं ऐकलं, आणि त्यांना खोटं ठरवलं. त्यांना सांगायला आलो होतो. उशीर झाला." त्यांनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यात हेच लिहिलं होतं, त्याच अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत.

बाईने चौकट भिंतीवरून उतरवली. मागे भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन राहिला होता. चौकट छातीशी धरून ती आत गेली आणि बाहेर आली नाही. आम्ही अर्धा तास उभे होतो. शेवटी मीच काकांना ओढून नेलं.

चौकातल्या बाकावर बसून मी त्यांच्याशी कडकडून भांडले. "खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तिच्या वडिलांची आठवण होती ती! तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलीत."

"बोलणाऱ्याचा शब्द मी बदलत नाही."

"अहो, बोलणारे तुम्हीच होतात!"

"म्हणून तर," काका म्हणाले. "माझ्यामुळे त्या माणसाचं गिऱ्हाईक अठरा वर्षं दारातून परत जात होतं. गोड बोललो असतो तर उद्याही गेलं असतं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही रागाने विचारलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सकाळी नाश्त्याला आले ते सूट घालूनच. "चल. आपल्याला उत्तर मिळालेलं नाही. उत्तर आल्याशिवाय दुभाष्या उठत नाही." मी सांगून पाहिलं की न बोलणं हेही उत्तरच असतं. ते म्हणाले, "ते मला भाषांतर करता येत नाही."

खानावळ नुकतीच उघडत होती. बाई आत टेबलं पुसत होती. आम्हाला पाहिलं, पण पुढे आली नाही, नुसती मान हलवून पुसत राहिली. चौकट पुन्हा आपल्या जागी होती. तिच्याखाली काकांचा कागद चिकटपट्टीने लावलेला, आणि त्याच्याखाली एक नवा कागद, ग्रीकमध्ये, तीन ओळींचा. काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मी फोटो काढून वॉटफर्डला मैत्रिणीला पाठवला आणि आम्ही बाहेर पायरीवर बसून राहिलो.

उत्तर आलं तसं मी वाचलं, मराठीत करून: "वर लिहिलं आहे की आम्ही खोटं बोलतो. माझे वडील कधी खोटं बोलले नाहीत. ज्याने हे लिहिलं तो म्हातारा हे आम्हाला वाचून दाखवायला लंडनहून आला."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"'वाचून दाखवायला' असंच आहे? 'माफी मागायला' नाही ना?"

मी मैत्रिणीला विचारलं. वाचून दाखवायलाच होतं.

"आणि मला विशेषण कुठलं लावलंय? भला, प्रामाणिक, असलं काही?"

"नाही काका. नुसतं म्हातारा."

"बरोबर लिहिलंय बाईने," काका म्हणाले, आणि सूटच्या एकेका खिशात हात घालून रुमाल शोधायला लागले. सापडेना, तेव्हा मी माझा दिला.